तिवईची खूण

माझ्याकडे पाहायला कुणी थांबत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. तीन पाय, मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढी उंची, वरची फळी वापरून वापरून मध्ये जरा खोलगट झालेली. एका पायाला जुना तडा आहे. अशी मी एक साधी तिवई. सध्या मी एका रिकाम्या कामाच्या खोलीत, रंधा मारायच्या ओट्यासमोर उभी आहे. उलटी नाही, सरळ उभी आहे. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगते आहे. त्यातच माझी सगळी गोष्ट आहे.

मला एका सुतारानं घडवलं. कुणी ऑर्डर दिली म्हणून नव्हे. त्याची बायको लवकर गेली होती आणि घरात एक लहान लेक होती. तिचा हात मोरीतल्या नळापर्यंत पोचत नसे. दर वेळी ती टाचा उंचावून "बाबा, नळ!" अशी हाक मारी आणि तो हातातलं काम टाकून आत येई. एके दिवशी त्यानं कुणाच्या तरी जुन्या दाराचा उरलेला तुकडा घेतला, मोडक्या खाटेच्या दांड्या घेतल्या आणि लेकीला म्हणाला, "ये इकडे. उभी राहा यावर. हलायचं नाही."

ती फळीवर उभी राहिली. त्यानं कानामागची जाड पेन्सिल काढली आणि तिच्या दोन्ही पावलांभोवती रेघ ओढली. गुदगुल्या होऊन ती हसत सुटली, त्यामुळे उजव्या पावलाची करंगळी जरा वाकडीच उमटली. त्या रेघांच्या मापानं त्यानं फळी कापली, कडा गोल केल्या, म्हणजे गुडघा आपटला तरी लागू नये. रेघांची बाजू त्यानं खाली ठेवली. ती पावलं अजून माझ्या पोटाशी आहेत. मी सरळ उभी असले की ती कुणाला दिसत नाहीत.

ते माझे सुखाचे दिवस होते. माझ्यावर उभं राहून लेकीनं तोंड धुतलं, भांडी घासली, खिडकीतून बापाची वाट पाहिली. माझ्यावर बसून तिनं शाळेचा अभ्यास केला. सुताराकडे येणारी माणसं मला उचलून पाहत. "अशीच एक आम्हालाही करून द्या," म्हणत. एक बाई तर मलाच मागत होत्या. सुतार हसून म्हणाला, "दुसरी करून देतो. ही विकायची नाही. हिच्या जोरावर घरातलं एक माणूस मोठं होतंय."

माणूस मोठं झालंच. लेक टपाल कचेरीत लागली. पत्रं वेगळी करायचं काम, पाळ्यापाळ्यांचं. तिचं लग्न झालं. जावई मालगाडीवर असत, आठवडेच्या आठवडे घराबाहेर. म्हणून लेक बापाकडेच राहिली. मग घरात एक नात आली. एका जागी ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणू लागले.

भिंगरीला दम्याचा त्रास होता. हवा बदलली, धूळ उडाली की तिची छाती शिटीसारखी वाजे. सुतार बाहेरच्या खोलीत काम करी. नात जन्मल्यावर त्यानं मधल्या दाराला ओला पडदा लावला, करवतीचा भुसा आत येऊ नये म्हणून. काम संपलं की अंगणात कपडे झटकून, हातपाय धुऊनच तो तिला जवळ घेई. डॉक्टरांनी एक पातळ औषध दिलं होतं. सकाळी एक माप, दुपारी एक माप, रात्री एक माप. बाटलीच्या टोपणालाच रेघ होती. सुतार ते टोपण डोळ्यांसमोर धरून, एक डोळा मिटून, रेघेबरहुकूम औषध ओते. फळीची कड पाहावी तसं. मित्रांनो, त्याचं माप एकदाही चुकलं नाही, हे लक्षात ठेवा.

सुरुवातीला भिंगरी औषध पाहून पळायची. मग आजोबांनी युक्ती केली. "अगं, औषध नाही हे. खाऊ आहे, पातळ खाऊ! एकदा चाटून तर बघ." तिनं चाटून पाहिलं. ते खरंच गोड होतं. त्या दिवसापासून पळापळ थांबली. उलट, टोपण रिकामं झालं तरी ती त्यात जीभ घालून बसायची.

"बघ, घेतलं की नाही?" सुतार लेकीला म्हणाला.

"घेतलं खरं. पण खाऊ म्हणू नका हो बाबा त्याला."

"बरं, नाही म्हणत," तो म्हणाला. आणि म्हणत राहिला.

अडचण निराळीच होती. लेक पहाटे निघायची तेव्हा सुतार झोपलेला असे. दुपारी ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की तो लाकडाच्या वखारीकडे निघे. दोघांची भेट म्हणजे दारात हात हलवण्यापुरती. फोनचा उपयोग नव्हता. वर्षानुवर्षं करवतीच्या यंत्राशेजारी उभं राहून त्याचे कान गेले होते. मग सकाळचं औषध दिलं की राहिलं, हे कळायचं कसं? लेक म्हणाली, "मी चिठ्ठी ठेवत जाईन."

"चिठ्ठी हरवते. वाऱ्यानं उडते. भिंगरीच्या हाती लागली तर होडी होते तिची." त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि मला उचललं. "ही कुठं जातीये? औषध दिलं की हिला उलटी करायची. पाय वर. द्यायचं बाकी असेल तर सरळ. जाता-येता दिसेल."

लेक हसली. "बाबा, तुमच्या डोक्यात काय येईल ना!"

अशी मी घराची खूण झाले. सकाळी उलटी, जेवणाआधी सरळ, औषध दिलं की पुन्हा उलटी. रात्री निजायच्या आधी लेक मला सरळ करून ठेवी, दुसऱ्या दिवसासाठी. मी उलटी असले की पोटावरची ती पेन्सिलीची पावलं छताकडे बघत. मला या कामाचा अभिमान वाटे. कुणाच्या पायाखाली नसतानाही मी कामाची होते. बाटली भिंतीवरच्या उंच फळीवर असे, भिंगरीचा हात पोचणार नाही अशा उंचीवर. लेक जाताना तीनतीनदा वर पाहून खात्री करी. सगळ्यांनी काळजी घेतली होती. वर बाटली होती, खाली मी होते.

पण घरात सर्वांत जास्त लक्ष माझ्याकडे कुणाचं असेल, तर ते भिंगरीचं. तिच्या उंचीचं घरात दुसरं होतंच कोण? मी सरळ असले की आजोबा बाटली काढतात, हे तिनं पाहून ठेवलं होतं. तिला वरच्या फळीपर्यंत पोचायची गरजच नव्हती. मी मात्र तिच्या हाताशी होते. हलकी होते, लहान मुलासाठीच केलेली होते.

त्या दिवशी पहाटे लेकीनं भिंगरीला उठवून औषध दिलं, मला उलटं केलं, पोरीला पुन्हा आजोबांच्या शेजारी निजवलं आणि ती कामावर गेली. थोड्या वेळानं भिंगरी एकटीच उठून स्वयंपाकघरात आली. माझा वर आलेला एक पाय धरून तिनं ओढला. मी कलंडले. मग दोन्ही हातांनी ढकलून तिनं मला सरळ उभं केलं आणि माझ्यावर बसून आजोबांची वाट पाहू लागली. पाय हलवत, काहीतरी गुणगुणत.

सुतार उठून आला. "अरेच्चा! आज विसरली वाटतं तुझी आई. घाईत असेल." त्यानं बाटली काढली, एक डोळा मिटला, माप भरलं, दिलं. मला उलटं केलं.

दुपारी जेवणाआधी त्यानं मला सरळ केलं, दुपारचं माप दिलं, पुन्हा उलटं केलं. लेक गल्लीत दिसताच पायांत चपला अडकवून तो दाराशी गेला. तेवढ्यात पुन्हा ते छोटे हात माझ्या पायाला लागले. लेक आत आली तेव्हा मी सरळ उभी होते आणि भिंगरी माझ्याजवळ शहाण्यासारखी उभी होती.

"बाबा पण ना," ती स्वतःशी म्हणाली. "वखारीच्या नादात राहिलंच." तिनं पदराला हात पुसले, बाटली काढली, माप दिलं. मला उलटं केलं.

मित्रांनो, लाकडाला सगळं ऐकू येतं, सगळं दिसतं. पण लाकूड बोलत नाही. त्या दिवसाइतकं मला ते कधी बोचलं नाही.

उन्हं उतरायच्या सुमारास भिंगरी थरथरू लागली. आधी हात. बाहुलीचं बटण तिच्या बोटांत ठरेना. मग ती उगाच इकडून तिकडे धावू लागली, थांबेचना. गाल लाल झाले. लेकीनं तिला धरून छातीवर तळवा ठेवला आणि तिचा चेहराच उतरला. इतक्यात सुतार खांद्यावर फळ्या घेऊन परतला. भिंगरीनं त्याच्या पायाशीच उलटी केली.

"बाबा, हिची छाती बघा कशी उडतेय! धाप लागलीये!"

त्याला नीट ऐकू आलं नाही, पण दिसलं. "दम उसळलाय. थांब, घाबरू नको. रात्रीचं माप आत्ताच देऊन टाकू." फळ्या तशाच खाली टाकून तो आत आला आणि त्यानं वरच्या फळीकडे हात नेला. बाटली त्याच्या हातात आली. टोपण निघालं. त्यानं एक डोळा मिटला.

मी तिथेच होते, पाय वर करून.

"थांबा, बाबा. दुपारी येऊन दिलंय मी."

"काय?"

ती ओरडली. "दुपारचं! मी दिलंय!"

त्याचा हात हवेत राहिला. "तू दिलंस? मग मी काय दिलं?"

मग ती हळूच म्हणाली, "आणि सकाळचं?" त्याला ते ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं असावं. त्यानं टोपण लावलं, बाटली खिशात टाकली, पोरीला उचललं आणि तो दवाखान्याच्या दिशेनं धावत सुटला. मागोमाग लेक. दार सताड उघडं.

घरात कुणी नव्हतं. दारातून वारा येत होता आणि बाहेरच्या खोलीतला भुसा आत येऊन माझ्या पायांवर बसत होता. मधला पडदा सुकला होता. कुणी ओला केला नव्हता. अंधार झाला, दिवा लावायला कुणी नव्हतं. मी जुन्या दाराच्या फळीची आहे, रिकामी घरं मला नवी नाहीत. पण त्या संध्याकाळइतकं रिकामं घर मी पाहिलं नव्हतं.

पुढचं मला नंतरच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरीणबाईंनी बाटली पाहिली, किती वेळा दिलं ते विचारलं. हे औषध श्वासाच्या नळ्या मोकळ्या करतं, पण जास्त झालं तर काळजाला नुसतं पळवतं, म्हणाल्या. "आणखी एक माप दिलं असतं तर फार अवघड झालं असतं. बाटली बरोबर आणलीत आणि लगेच आलात, फार बरं केलंत." भिंगरीच्या छातीला तारा लावल्या, हाताला सुई लावली. रात्रभर तिचं काळीज पळत होतं. सकाळकडे ते हळूहळू चालू लागलं. मग ती झोपली.

भिंगरी घरी आली. चेहरा एवढासा झालेला, पण आली. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असं तुम्हाला वाटेल. तसं झालं नाही.

लेकीनं पोरीला निजवलं आणि ती बापासमोर उभी राहिली. त्याला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि मोठ्यानं बोललेली साधी गोष्टही भांडणासारखी वाटते.

"बाबा, सकाळी मी औषध दिलं होतं. तिवई उलटी केली होती. मला पक्कं आठवतंय."

"सरळ होती गं."

"आणि दुपारी तुम्ही दिलंत, तर उलटी का नाही केलीत?"

"केली होती." तो थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "केली असावी."

"असावी?"

तो म्हणाला, "माझ्याच हातून झालं असेल, पोरी. वय झालं आता. राहत नाही डोक्यात."

ती "नाही बाबा" म्हणाली असती तरी पुष्कळ होतं. ती वाईट नव्हती, घाबरलेली होती. दोघांपैकी एकाची आठवण चुकली होती, असा तिचा हिशेब. स्वतःची चुकली असं मानायचं धाडस त्या दिवशी तिच्यात नव्हतं. आणि त्यानं तर आपण होऊनच ओझं उचललं होतं, फळ्या उचलाव्यात तसं.

त्या दिवसापासून औषध फक्त लेकच देऊ लागली. कामावर जाताना बाटली घरात नको म्हणून शेजारच्या काकूंकडे ठेवून जाई. तिनं कामाची पाळीही बदलून घेतली. मला उचलून बाहेरच्या खोलीत ठेवलं, उलटी, कोपऱ्यात. माझ्या पायांमध्ये रंगाचे डबे आले, मग गोणपाट, मग भुसा. कुणी रागानं काही केलं नाही. फक्त कुणाला मला पाहायचं नव्हतं.

पण माझं एकटेपण काहीच नव्हतं, मित्रांनो. त्याच खोलीत सुतार होता.

तो मोजलेली फळी पुन्हा मोजू लागला. पुन्हा मोजून खूण केली की खोडून परत मोजी. करवत लावताना हात थांबे. कुलूप लावलं का, हे पाहायला अर्ध्या वाटेतून परत येई. लेकीला विचारी, "गॅस बंद केला ना मी? एकदा बघतेस का?" ती बघे. तो नेहमी बंदच असे. भिंगरी येऊन गळ्यात पडली तरी तो तिला उचलून घेत नसे, नुसता डोक्यावरून हात फिरवी. "आईकडे जा हं," म्हणे. गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. ज्याला आपल्या मापाचा भरवसा राहिला नाही, त्यानं सुतारकी करावी तरी कशी? मग ओट्यावर नुसता बसून राही. कधी कोपऱ्यात येऊन माझ्यावरचे डबे जरा सरकवी, पोटावरची पेन्सिलीची पावलं पाही आणि डबे परत ठेवी.

त्याची आठवण शाबूत होती. शेवटपर्यंत. हे सांगणारं जगात एकच कुणी होतं आणि ते लाकडाचं होतं.

एका हिवाळ्यात तो गेला. फार आजारी नव्हता. कमी कमी होत गेला.

बऱ्याच दिवसांनी लेकीनं ती खोली आवरायला घेतली. रंधे, पटाशा एका पेटीत भरल्या. डबे हलवले. मी सापडले. तिनं मला झाडलं, पुसलं आणि स्वयंपाकघरात आणून भिंतीशी तशीच उलटी ठेवली. भिंगरी शाळेतून आली. आता ती उंच झाली होती, दोन वेण्या घालत होती. दमा होता, पण आता तिच्याकडे तोंडात धरून ओढायचा पंप होता. मला पाहताच तिनं दप्तर टाकलं.

"आई! ही माझी खाऊची तिवई!"

आणि तिनं माझा एक पाय धरला, सवयीचा असावा तसा, आणि एका झटक्यात मला सरळ उभं केलं.

"लहानपणी मी अशी करायचे," ती माझ्यावर बसत म्हणाली. "ही सरळ केली की आजोबा ते गोड औषध द्यायचे. मग तू आलीस की परत सरळ करायचे. मग तू पण द्यायचीस." ती खुदकन हसली. "दोनदाच जमलं मला. मग मी आजारी पडले ना, तेव्हापासून तिवईच गायब!"

लेकीच्या हातात ओलं फडकं होतं. ते तिनं घट्ट पिळलं, पाणी निघायचं थांबलं तरी पिळतच राहिली.

"आई, आजोबांना हे कळलं असतं तर ते किती हसले असते ना?"

"हो," ती म्हणाली. "खूप हसले असते."

"तू का नाही हसत मग?"

"हसते. जा, हातपाय धू आधी."

पोरीला तिनं याहून एक शब्दही जास्त सांगितला नाही. ते ओझं लहान खांद्यांवर द्यायचं नसतं, हे ती बापाकडूनच शिकली होती. भिंगरी गेल्यावर तिनं मला उचललं, पालथं केलं आणि पेन्सिलीच्या पावलांवरून बोट फिरवलं. वाकड्या करंगळीपाशी बोट थांबलं. "बाबा," ती म्हणाली. मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

मित्रांनो, मी लहानांसाठी घडलेली आहे, म्हणून तुम्हाला सांगते, आणि तुमच्या घरातल्या मोठ्यांनाही हे वाचून दाखवा. औषध कितीही गोड असलं तरी त्याला खाऊ म्हणू नका. ते कुलपात ठेवा. आणि शक्यतो एकाच माणसाच्या हातून द्या. जास्त गेल्याची नुसती शंका आली तरी आणखी काही पाजत बसू नका, बाटली घेऊन थेट दवाखाना गाठा. आणि औषध दिलं की नाही, हे कुठल्या खुणेला विचारू नका. मला विचारू नका. मला कुणीही उलटं-सुलटं करू शकतं. एकमेकांना विचारा, तोंडानं, मोठ्यानं ओरडावं लागलं तरी. आणि जवळचं माणूस "माझंच चुकलं असेल" म्हणालं, तर लगेच ऐकून घेऊ नका. जरा थांबा, त्याच्याजवळ बसा.

त्या संध्याकाळी लेकीनं मला या खोलीत आणलं आणि बापाच्या ओट्यासमोर ठेवलं, सरळ. रोज ती झाडू मारायला येते, माझ्याखालून केर काढते, क्षणभर बसते आणि मला पुन्हा सरळच ठेवून जाते. या घरात सरळ तिवईचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाला तरी काहीतरी द्यायचं अजून बाकी आहे.